ख्रिस्तपुराणांतील आगमनकाल व फलटणचें असन्निधान

पाश्चात्त्य ख्रिस्ती मंडळींचें धर्मवर्ष जानेवारींत सुरू होत नाहीं. सेंट अँड्र्यूच्या सणास, म्हणजे ३० नोव्हेंबरास, जो रविवार सर्वांत जवळ असेल त्या दिवशीं तें सुरू होतें. तेथून नाताळपर्यंतच्या चार रविवारांच्या काळास मराठी ख्रिस्ती आगमनकाल म्हणतात. हा सण नव्हे. सणापूर्वींची तयारी होय. आशा दुहेरी असते: होऊन गेलेल्या जन्माचें स्मरण आणि व्हावयाच्या पुनरागमनाची वाट.

ह्या वाट पाहण्यास मराठींत सर्वांत मोठें ग्रंथरूप दिलें तें फादर थॉमस स्टीफन्स यांनीं. हे इंग्रज जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरांत गोव्यास उतरले व १६१९ सालीं तेथेंच निवर्तले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणाचे अवस्वरू ३६, दुसऱ्याचे ५९. अभ्यासकांचें लक्ष बहुधा दुसऱ्याकडे, ख्रिस्तचरित्राकडे, जातें. आमच्या मतें ग्रंथाचें मर्म पहिल्यांत आहे. तेथें सृष्टीची उत्पत्ति आहे, आदामाचें पतन आहे, संदेष्टे आहेत. नाहीं तो फक्त तारक. ग्रंथाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक अवस्वरू ज्याच्यासाठीं खर्चिले, तो अद्याप यावयाचा आहे. ग्रंथारंभींचा प्रसंगही असाच बोलका आहे. धर्मशिक्षणाच्या वेळीं एक नवख्रिस्ती पाद्रीस विचारतो कीं, पूर्वींचीं पुराणें सुटलीं, त्यांच्या जागीं आम्हीं काय वाचावें? रिकाम्या झालेल्या जागेची ही नोंद ग्रंथकारानें स्वतःच ठेविली, हें विशेष होय.

वाट पाहण्याचें शास्त्र मराठी मुलुखांत तत्पूर्वींही होतें. फलटण म्हटलें कीं इतिहासाभ्यासकास नाईक निंबाळकरांचें घराणें व सईबाई आठवतात. महानुभाव पंथ मात्र ह्या गांवास त्याहून जुन्या कारणानें मानतो. पंचकृष्णांपैकीं श्रीचक्रपाणी, म्हणजे चांगदेव राऊळ, हे येथें जनकनायक व जनकाइसा यांच्या पोटीं जन्मले, अशी पंथाची परंपरा आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत श्रीचक्रधर उत्तरापंथें निघून गेले आणि शिष्यांस जी स्थिति प्राप्त झाली तिला पंथांत असन्निधान म्हणतात. अशा काळीं स्थान, प्रसाद, भिक्षुक व वासनिक यांचा आदर करावा, लीळांचें स्मरण करावें, आणि पुढें कोणत्या तरी जन्मीं सन्निधान लाभेल अशी योग्यता मिळवावी. ह्या दृष्टीनें फलटणचें स्थानवंदन ही तयारीच होय. म्हाइंभटांनीं लीळा शोधून संग्रहित केल्या त्याही ह्याच विरहांत.

ह्या साम्यावरून उसनवारीचा तर्क करूं नये. महानुभावांच्या पोथ्या सकळादि सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होत्या, आणि दोन्ही वाट पाहण्यांची जातही निराळी आहे. महानुभावांची स्थळांस बांधलेली, ख्रिस्त्यांची पंचांगास. इतकी कीं गोव्यानें नवी ग्रेगोरियन गणना स्वीकारली असतां इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या गणनेवर राहिले, त्यामुळें एकाच किनाऱ्यावर दोन आगमनकाल पडत. गणितानें पाहतां १६६० सालीं गोव्याचा आगमन-रविवार २८ नोव्हेंबरास येतो. सुरतेच्या इंग्रज वखारीचा त्यांच्या २ डिसेंबरास, म्हणजे गोव्याच्या १२ डिसेंबरास. वखारींचे कागद व पोर्तुगीज कागद ताडून पाहणाऱ्यांनीं हें अंतर विसरूं नये.

ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या तिन्ही मुद्रित आवृत्तींची एकही प्रत उपलब्ध नाहीं. सालढाणा यांनीं हस्तलिखितांवरून १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत ग्रंथ छापविला. पुढें जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रत १९२३ सालीं प्रकाशांत आणिली. तींत पोर्तुगीज शब्द थोडे व संस्कृत शब्द अधिक आहेत. तेव्हां सासष्टीचा श्रोता तारकाची वाट कोणत्या शब्दांनीं पाहत होता, ह्याचें उत्तर कोणती प्रत मूळची ह्यावर अवलंबून आहे. बांदेलू (१९५६) व द्रागो (१९९६) यांच्या देवनागरी आवृत्तींनीं वाचन सुलभ झालें. तथापि ज्या संग्राहकांच्या दप्तरांत दक्षिण कोंकणांतील ख्रिस्ती ओव्यांचीं सुटीं पानें असतील, त्यांनीं तीं प्रथम पहिल्या पुराणाशीं ताडून पाहावीं, अशी आमची विनंती आहे.