विद्यार्थ्याची वळकटी

ज्येष्ठ-आषाढ लागला की आपल्या ज्ञातीतील अनेक घरांत एकच गडबड सुरू होते. परीक्षांचे निकाल लागलेले असतात, प्रवेशाच्या याद्या जाहीर होत असतात, माळ्यावरील बॅगा खाली उतरतात. आई आठवून आठवून वस्तू काढते, वडील मनातल्या मनात खर्चाचा ताळा जमवितात, आणि आजी डब्यांची झाकणे घट्ट बसतात की नाही हे दोनदोनदा पाहते. घरातील मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी प्रथमच परगावी, वसतिगृहात राहावयास निघालेली असते. “बरोबर काय काय द्यावे?” हा प्रश्न आपल्या संस्थेच्या कार्यालयातही दरवर्षी विचारला जातो, आणि त्याचे उत्तर स्मरणिकेत द्यावे अशी सूचना आल्यावरून प्रस्तुत लेख लिहिण्याचे आम्ही योजिले.

यादी आम्ही शेवटी देणारच आहोत. परंतु ह्या यादीस दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आपल्या तरुण वाचकांस ठाऊक असावा असे आम्हांस वाटते. पूर्वी अंथरूण-पांघरूण गुंडाळून दोरीने करकचून बांधलेली वळकटी हेच परगावी शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे मुख्य सामान असे. त्या वळकटीत काय होते आणि काय नव्हते, ह्यावरून त्या त्या काळी समाजाने त्याचा किती भार उचलला होता ह्याचा अचूक अंदाज येतो.

आरंभी हा भार बहुतेक त्या मुलाच्याच खांद्यावर असे. १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या गोपाळ गणेश आगरकरांजवळ सदरा एकच होता. तो ते रात्री धुऊन वाळत घालीत व सकाळी पुन्हा अंगात घालीत, ही हकीकत महाराष्ट्रास सुपरिचित आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील १८७९ साली निवर्तल्यावर थोरले बंधू गोविंदराव ह्यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि आपल्या पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी दरमहा पाठविले. ह्या थोर पुरुषांच्या सामानाची यादी करावयास बसलो तर ती एका बोटावर संपेल. गोखल्यांच्या वळकटीत खरोखर जे काही होते, ते त्यांच्या बंधूचे अर्धे आयुष्य होते असे म्हटले तरी अतिशयोक्ती होणार नाही.

त्या काळी गरीब विद्यार्थ्याच्या अन्नाची सोय दोन प्रकारांनी होई. एक म्हणजे वार लावून जेवणे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात वारांची सात घरे. दुसरी म्हणजे माधुकरी; झोळी व पात्र घेऊन दारोदार शिजविलेले अन्न मागून आणणे. ह्या रूढींनी शेकडो मुलांस शिकविले हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु इतिहास लिहिताना अर्धे सत्य सांगून चालत नाही. वार आणि माधुकरी ही सोय मुख्यत्वे ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरती होती. कुणब्याचा, साळ्याचा किंवा शिंप्याचा मुलगा शहरात शिकावयास आला तर त्याला कोणाच्या पंक्तीस बसता येत नसे, आणि बिऱ्हाडासाठी खोली मिळणेही दुरापास्त असे. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांची गोष्ट तर बोलावयासच नको. शाळा उघडी होती, पण शाळेच्या गावात रात्री पाठ टेकावयास जागा नव्हती. म्हणून शाळाही वस्तुतः बंदच होती.

ही गाठ राजर्षी शाहू छत्रपतींनी ओळखली. प्रथम त्यांनी कोल्हापुरात सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढून पाहिले; परंतु व्यवहारात त्याचा लाभ एकाच वर्गाच्या मुलांस होऊ लागला. तेव्हा त्यांनी मार्ग बदलला. १८ एप्रिल १९०१ रोजी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना झाली. त्याच वर्षी जैन विद्यार्थ्यांचे वसतिगृह निघाले, आणि पुढील वीस वर्षांत लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, शिंपी, सारस्वत, प्रभू, ख्रिस्ती इत्यादी समाजांची वसतिगृहे कोल्हापुरात उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. महाराजांनी जागा दिल्या, इमारती दिल्या, वार्षिक नेमणुका करून दिल्या; आणि चालविण्याची जबाबदारी त्या त्या समाजातील जाणत्या मंडळींवर टाकली. कोल्हापूरास ‘वसतिगृहांची जननी’ हे नाव पडले ते ह्यामुळेच. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी पुढे जी वसतिगृहे व शिष्यवृत्त्या चालविल्या, त्यांची प्रेरणा ह्याच परंपरेत शोधावी लागते.

वसतिगृह निघाले तसे वळकटीचे रूप पालटले. झोळी आणि माधुकरीचे पात्र गळून पडले. त्यांच्या जागी पत्र्याची ट्रंक आली, तिला कुलूप आले. झोळी दारोदार न्यावी लागे. ट्रंक एका जागी ठेवता येई. ज्या मुलाच्या ट्रंकेस स्वतःची अशी जागा मिळाली, त्याचे मन अभ्यासात स्थिर झाले.

परंतु जातवार वसतिगृहांस मर्यादाही होती, आणि ती दाखविणारा पुरुष त्यांतीलच एका वसतिगृहातून पुढे आला. भाऊराव पाटील हे कोल्हापूरच्या जैन वसतिगृहात राहत होते. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभास ते गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्याचे त्यांनी नाकारले, आणि त्यामुळे त्यांस वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ह्याच भाऊरावांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत व एका पंक्तीस जेवीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव देण्यात आले. कोठीत धान्य नसेल त्या दिवशी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरील दागिने मोडले, मंगळसूत्रही राखले नाही. शाहू महाराजांनी जातीजातींसाठी स्वतंत्र शिड्या उभ्या केल्या. भाऊरावांनी वर चढून आलेल्या मुलांस एका अंगणात बसविले. ह्या दोन कार्यांत आम्हांस विरोध दिसत नाही, क्रम दिसतो. शिडी ही चढण्यासाठी असते, तिच्यावर संसार मांडावयाचा नसतो.

मुलींची वाट ह्याहूनही बिकट होती. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील फिलाडेल्फियास गेल्या. तेथील थंडीत नऊवारी नेसणे पुरेसे पडेना, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसण्यास आरंभ केला. राहत्या खोलीतील शेगडीचा धूर नीट बाहेर जात नसे, आणि थंडी व धूर ह्यांनी त्यांची प्रकृती ढासळत गेली. १८८६ साली त्यांनी पदवी मिळविली. पुढील वर्षी त्या निवर्तल्या. बुद्धी व धैर्य ह्यांत त्या कोठेही उण्या नव्हत्या. स्वदेशी एकट्या स्त्रीने शिकावे व राहावे अशी सोय करणाऱ्या संस्थांत महर्षी कर्व्यांच्या आश्रमाचे स्थान मोठे आहे. १८९६ साली स्थापन झालेला तो आश्रम १९०० साली हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला.

सामानाच्या ह्या इतिहासात आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथील विद्यार्थी-निवासात त्यांस नवल भथेना हे पारशी तरुण सोबती लाभले. हा स्नेह जन्मभर टिकला. १९२० साली अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी आंबेडकर लंडनला निघाले, तेव्हा भथेनांनी त्यांस कर्जाऊ रक्कम दिली व शाहू महाराजांनीही साहाय्य केले. वसतिगृहात मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट घरून नेता येत नाही. ती शेजारच्या खाटेवर असते.

येथे आम्हांस स्वतःविषयी थोडे लिहावे लागत आहे, आणि ते अभिमानाने लिहिता येण्यासारखे नाही. १९६८ साली आम्ही पुण्यातील एका वसतिगृहात दाखल झालो. लोखंडी ट्रंक, वळकटी, पितळी तांब्या, आईने शिवलेल्या दोन गोधड्या, आणि आपल्या संस्थेची दरमहा पंधरा रुपयांची शिष्यवृत्ती एवढी आमची शिदोरी होती. खोलीतील सोबती मराठवाड्यातून आलेला होता. त्याच्याजवळ एक सतरंजी, एक चादर आणि पुस्तकांची पिशवी, एवढेच होते. सहामाही परीक्षेत त्याला आमच्याहून पुष्कळच अधिक गुण मिळाले. आश्विन सरत आला, पहाटेचा गारठा पडू लागला, तसा तो फरशीवर वर्तमानपत्रे पसरून सतरंजी अंगावर ओढून निजू लागला. खानावळीत तो एक वेळच जातो हेही आमच्या ध्यानात आले होते. त्याने कधी काही मागितले नाही. आम्ही कधी काही विचारले नाही. दिवाळीची सुट्टी संपली, सर्व मुले परतली, तो परतला नाही. त्याच्या ज्ञातीची संस्था नव्हती, आणि आमच्या संस्थेच्या नियमांत तो बसत नव्हता. परंतु दुसरी गोधडी आमच्या ट्रंकेत होती, आणि तिची घडी त्या वर्षी मोडली गेली नव्हती. तिला कोणताच नियम आड येत नव्हता.

आता यादी देतो. तीत हौसेच्या वस्तू नाहीत. पहिल्या वर्षी ज्यांच्यावाचून खरोखर अडते तेवढ्याच आहेत.

प्रथम कागदपत्रे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास व उत्पन्नाचे दाखले, लागू असल्यास जातीचा दाखला व वैधता प्रमाणपत्र ही एका जलरोधक पिशवीत ठेवावी. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स प्रती व डझनभर छायाचित्रे वेगळी ठेवावी. मूळ कागद महाविद्यालयात जमा केल्यास पोच मागून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यार्थी व पालक ह्या दोघांनीही द्यावयाचे असते, हे विसरू नये.

दुसरे अंथरूण. गादी मिळते की न्यावी लागते, हे आधी विचारावे. दोन चादरी, दोन अभ्रे, पांघरूण व मच्छरदाणी असावी. तिसरे, आपल्याकडे वर्षारंभ पावसाळ्यात होतो, म्हणून छत्री, लवकर वाळणारे कपडे, वाळत घालण्याची दोरी व चिमटे हवेत. चौथे, बादली, मग, आणि दोन किल्ल्यांचे चांगले कुलूप; दुसरी किल्ली कुलपाबरोबर ठेवू नये. पाचवे, ताप, पोटदुखी व जखम ह्यांवरील नेहमीची औषधे, सुई-दोरा, विजेरी, मोबाईलचा चार्जर व विजेचा जोडफलक; शेवटचा नेण्यापूर्वी वसतिगृहाचे नियम पाहावे. सहावे, बेसनाचे लाडू, मेतकूट व शेंगदाण्याची चटणी. लोणचे न्यावयाचे तर बरणीचे झाकण फिरकीचे असावे, अन्यथा पहिल्याच प्रवासात सर्व कागदपत्रांस त्याचा प्रसाद मिळतो. एकंदर बोजा मुलास स्वतः उचलून दोन जिने चढता येईल एवढाच असावा.

सातवी व शेवटची वस्तू आम्ही विनंतीपूर्वक सांगतो. एक पांघरूण जादा द्यावे, आणि देताना मुलास सांगून ठेवावे की हे तुझ्यासाठी नाही. पहिल्या महिन्यातच आपल्या खोलीत व शेजारच्या खोलीत पाहावे. कोणास हवे आहे ते न विचारताही कळते. तो कोणत्या ज्ञातीचा आहे, ह्याची चौकशी करू नये.

आपल्या संस्थेने गुणवंतांचे सत्कार पुष्कळ केले, आणि ते योग्यच आहेत. परंतु सत्कार पहिले वर्ष निभावून नेणाऱ्याचाच होतो. कार्यकारी मंडळाने येत्या वर्षापासून शिष्यवृत्तीची पहिली रक्कम दिवाळीनंतर न देता प्रवेशाच्याच महिन्यात द्यावी, आणि तीत खानावळीच्या अनामतीचा विचार करावा, अशी आमची नम्र सूचना आहे. सदस्य कुटुंबांनी ह्या सूचनेचा सर्वसाधारण सभेत विचार करावा, एवढे सांगून व यंदा घराबाहेर पडणाऱ्या सर्व मुलामुलींस आशीर्वाद देऊन आम्ही लेखणी खाली ठेवतो.