माठापासून शीतकपाटापर्यंत

परभणी जिल्ह्यांत, पूर्णा तालुक्यांत, ताडकळस हें गांव आहे. वैशाखांतील दुपारीं तेथें पारा चाळीस अंशांपलीकडे जातो आणि अंगणांतील फरशीवर पाय ठरत नाहीं. उन्हांतून आलेल्या पाहुण्याच्या हातीं प्रथम गुळाचा खडा व माठांतील पाणी द्यावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीत. आज त्याच स्वयंपाकघरांत माठाशेजारीं विजेवर चालणारें शीतकपाट, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेला फ्रीज, उभा असतो. एक कुंभाराच्या चाकावरून उतरलेला, दुसरा कारखान्यांतून आलेला. या दोघांचें कांहीं नातें असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. इतिहास मात्र सांगतो कीं, हे दोघे एकाच घराण्यांतले आहेत.

माठाच्या अंगांतून पाणी झिरपतें आणि कोरडा वारा त्याची वाफ करून नेतो. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती बव्हंशीं माठांतील पाण्यापासूनच घेतली जाते. म्हणजे माठांत थंडी कोठून येत नाहीं. उष्णता बाहेर जाते. एवढें एक सूत्र ध्यानांत ठेवलें कीं, पुढील सारी कथा आपोआप उलगडते. माठ वाऱ्याच्या वाटेवर ठेवावा, त्याला बाहेरून घासावें म्हणजे छिद्रें बुजत नाहींत, दुधाच्या भांड्याभोंवतीं ओलें फडकें गुंडाळावें, हें सारें घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांना पदार्थविज्ञानाचें पुस्तक न उघडतांच ठाऊक होतें.

बादशाही थाटाचा प्रकार याहून निराळा. अबुल फझल यानें ‘ऐन-ई-अकबरी’ या ग्रंथांत अकबराच्या आबदारखान्याचें वर्णन केलें आहे. पाण्यांत सोरा विरघळतांना तें पाणी थंड होतें. त्यांत पिण्याच्या पाण्याची सुरई फिरवून तें गार करीत. पुढें दरबार पंजाबांत गेल्यावर हिमालयांतील बर्फ लाहोरास येऊं लागलें. तें अर्थातच थोरामोठ्यांच्या पेल्यांत पडे; रयतेचा आधार माठच राहिला.

मुंबईची अडचण वेगळी होती. समुद्रकांठची हवा दमट; तींतून पाणी लवकर उडत नाहीं, म्हणून मराठवाड्यांत जो माठ अमृत देतो तोच मुंबईंत निम्मा निकामी होतो. ही उणीव अमेरिकेंतील बोस्टन शहरच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्यानें भरून काढली. गोठलेल्या तळ्यांतील बर्फाच्या लाद्या कापून, लांकडाच्या भुशांत बांधून, १८३३ सालीं त्यानें ‘टस्कनी’ नांवाचें जहाज कलकत्त्यास धाडलें. निघतांना बर्फ १८० टन होतें. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारें १०० टन उरलें. पुढल्याच वर्षीं, १८३४ सालीं, बर्फ मुंबईंत उतरलें. जमशेटजी जिजीभाई यांनीं मेजवानींत आइस्क्रीम वाढलें, तेव्हां यजमान व पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याचें वृत्त ‘मुंबई समाचार’नें दिलें. गोदीजवळ बर्फ सांठविण्यासाठीं घुमटाकार इमारत बांधण्यांत आली; ती पाडल्यावर त्या जागीं कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट उभी राहिली. मद्रासचें तसलेंच बर्फघर मात्र आजही उभें आहे. १८९७ सालीं स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथें झाला, म्हणून तें त्यांच्या नांवानें ओळखलें जातें.

योगायोग असा कीं, मुंबईंत परदेशचें बर्फ उतरलें त्याच १८३४ सालीं लंडनमध्यें जेकब पर्किन्स यानें बर्फ करणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति माठाचीच होती. फरक इतकाच कीं, माठाची वाफ वाऱ्यावर निघून जाते, तर पर्किन्सनें ईथरची वाफ पंपानें दाबून, बाहेर थंड करून, तिचा पुन्हां द्रव केला आणि तोच पुनःपुन्हां फिरविला. आजच्या शीतकपाटांत हेंच चालतें. आंतील नळ्यांत द्रवाची वाफ होतांना ती अन्नाची उष्णता घेते; बाहेरच्या नळ्यांत तीच उष्णता खोलींत सोडून दिली जाते.

हें यंत्र घरांत येतांना विषही घेऊन आलें. आरंभीं त्यांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे घातक वायु असत. बर्लिनमधील एक कुटुंब गळतीनें मरण पावल्याची वार्ता वाचून आइन्स्टाइन व झिलार्ड या शास्त्रज्ञांनीं हलता भाग नसलेलें शीतकपाट योजलें. परंतु बाजारांत टिकला तो १९२८ सालीं सिद्ध झालेला फ्रीऑन. तो ना विषारी, ना जळणारा. सर्वांनीं निःश्वास टाकला. १९७४ सालीं मोलिना व रोलंड यांनीं दाखविलें कीं, हाच निरुपद्रवी वायु आकाशांतील ओझोनचें कवच झिजवितो. १९८७ च्या माँट्रियल करारानें त्यावर बंदीची वाट घातली. मुंबईच्या गोदरेज कारखान्यानें १९५८ सालीं फ्रीज बनविण्यास प्रारंभ केला, आणि जी वस्तु श्रीमंतांची होती ती हळूहळू मध्यम घरांत आली. मराठवाड्यांतील बहुतेक खेड्यांत वीजच १९६० नंतर पोहोंचली. तेथें तिला यावयास आणखी काळ लागला.

यंत्र आलें, पण माठाबरोबर असलेली जाण त्याच्याबरोबर आली काय? माठ भिंतीशीं कोंडून ठेवूं नये, हें ज्या घरास कळत होतें, त्याच घरांत फ्रीज भिंतीला चिकटवून त्यावर पसारा रचलेला दिसतो. सूत्र तेंच आहे: उष्णतेला बाहेर जाण्यास वाट पाहिजे. म्हणून मागें व बाजूंस मोकळी जागा असावी. मागील नळ्या उघड्या असल्यास वीज बंद करून त्यांवरील धूळ झाडावी. दाराच्या रबरी पट्टींत कागद धरून दार लावावें. तो सहज निसटला तर पट्टी सैल झाली असें समजावें. वाफाळतें पातेलें आंत ठेवूं नये, पण निवण्यास ठेवलेलें अन्न दोन तासांहून अधिक बाहेरही राहूं नये. आंतील उष्णमान ४ अंशांच्या आसपास व बर्फाच्या कप्प्याचें उणें १८ असावें. साचलेलें बर्फ सुरीनें खरवडणें तर सर्वस्वी वर्ज्य; नळी फुटली तर आजच्या बऱ्याच फ्रीजांतील आयसोब्यूटेन हा ज्वालाग्राही वायु बाहेर येतो. वीज गेली असतां दार उघडूं नये; बंद दारामागें गारवा सुमारें चार तास टिकतो.

पाऊणदोनशें वर्षांपूर्वीं जें बर्फ सातासमुद्रांपलीकडून येई व मोजक्याच ताटांत पडे, तें आज ताडकळसच्या घरांत पोरांच्या हातीं आहे. हें वैभव थोडें नव्हे. तें टिकावयाचें असेल तर रोज माठ घासणाऱ्या हातांची शिस्त या नव्या कपाटालाही लाभली पाहिजे. आणि उन्हाळ्यांत वीज गेल्यावर, कोपऱ्यांतला तो मातीचा वडील भाऊ भरलेला असूं द्यावा.