प्रेशर दिसतं, प्रवाह दिसत नाही

आज थोडं रक्तदाबाविषयी.

"बीपी किती आलं?" हे आपण सगळेच विचारतो. पण शरीराला हवं असतं रक्त. हृदय मिनिटाला किती रक्त बाहेर टाकतं, हा खरा प्रश्न. धडधाकट माणसात, आराम करताना, साधारण ५ लिटर. गंमत अशी की दाब मोजणं सोपं आणि हे आउटपुट मोजणं कटकटीचं. १९७० पासून मोठ्या आयसीयूंमध्ये त्यासाठी थेट हृदयातून नळी घालू लागले. आता ढाणकीसारख्या गावात (ता. उमरखेड, जि. यवतमाळ) रात्री पेशंट आला तर ती नळी कुठून आणायची? हाताशी असतो तो बीपीचा पट्टा.

मग दाबावरूनच आउटपुट काढता येईल?

स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने घोडीच्या धमनीत नळी घालून रक्त ८ फूट ३ इंच चढलेलं पाहिलं, आणि १७३३ साली ते छापलं. पुढे १८९९ मध्ये जर्मनीच्या ओटो फ्रांकने धमन्यांची तुलना जुन्या आगीच्या बंबातल्या हवेच्या टाकीशी केली. पंप धक्क्याधक्क्याने पाणी ढकलतो, टाकी ते साठवते आणि धार सलग ठेवते. म्हणजे एका ठोक्यात दाब किती वाढला, यावरून किती रक्त आलं याचा अंदाज बांधता येतो. अडचण एकच: दाब वाढला की धमनी ताठ होते, आणि थोड्या रक्तानेही दाब उसळतो.

१९२८ मध्ये लिल्येस्ट्रांड आणि झांडर या स्वीडिश जोडीने यावर साधा उपाय काढला. वरच्या-खालच्या बीपीतल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागा, नाडीने गुणा. झालं!

करून बघू. नाडी ७२. बीपी १२०/८० असेल तर उत्तर १४.४. बीपी १५०/१२० असेल तर फक्त ८. (हे लिटर नव्हेत, एकाच माणसात तुलना करायला.) बीपी वाढलं, आउटपुटचा अंदाज मात्र जवळपास निम्मा!

हे नुसतं गणित नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचू चावलेले रुग्ण पाहिले. विषाने रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतं, हातपाय गार पडतात. हृदय बंद दारावर धडका मारत थकतं आणि फुफ्फुसात पाणी भरतं. त्यांनी वाहिन्या सैल करणारं प्राझोसिन हे साधं, बीपीचंच औषध दिलं आणि १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याविषयी लिहिलं. फुफ्फुसात पाणी झालेल्यांपैकी पूर्वी सुमारे २५ ते ३० टक्के दगावत, ते प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं.

आणि ते १९२८ चं सूत्र? २००९ मध्ये एमआयटीच्या गटाने आयसीयूतल्या नोंदींवर अशा अनेक पद्धती एकमेकींशी लढवल्या. पहिला नंबर या म्हाताऱ्याचाच. आपल्या भाषेत सांगायचं तर एका ओळीच्या कोडने भल्याभल्या मॉड्यूल्सना मात दिली :-)

अर्थात ती तपासणी धमनीतल्या नळीने टिपलेल्या दाबावर होती. पट्ट्याचे आकडे तितके नेमके नसतात, आणि निदान डॉक्टरांनीच करायचं. पण पट्ट्यावर दोन आकडे येतात. वरचाच वाचून "बीपी चांगलं आहे" म्हणण्याआधी दोन्हींतला फरक बघावा, आणि पेशंटचा हात हातात घेऊन तो गार आहे का तेही बघावं. त्याला ना नळी लागते ना आयसीयू.