दगडाखालचा प्राणी आणि एक मास्तर

मुलांना घेऊन टेकडीवर गेलो की मला दोन धास्ती असायच्या. एक, कोणी पडेल. आणि दुसरी, कोणीतरी दगड उलटा करून "सर, हे काय?" म्हणून विचारेल आणि मला सांगता येणार नाही. पहिली सुदैवाने कधी खरी झाली नाही. दुसरी मात्र दर सहलीला!

म्हणून स्टीफन कार्सन या मास्तरांची हकीकत वाचली तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसलो. पण त्याआधी त्या प्राण्याविषयी थोडं.

सॅलमँडर दिसायला पालीसारखा, पण गोत्र बेडकाचं. अंगावर खवले नाहीत, कातडी ओली. आपल्या सह्याद्रीत बेडूक भरपूर, देवगांडूळही आहेत, पण सॅलमँडर नाही. भारतात तो बघायचा तर दार्जिलिंगकडे जावं लागतं. अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलात मात्र ओल्या पाचोळ्याखाली, कुजक्या ओंडक्याखाली तो हटकून सापडतो. तिथल्या या वनवासी सॅलमँडरांना फुप्फुसंच नसतात. सगळा श्वास कातडीतून आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून. त्यामुळे कातडी वाळली की संपलं. ते अंडी पाण्यात घालत नाहीत, ओंडक्याखालीच घालतात, आणि त्यातून थेट छोटासा सॅलमँडर बाहेर येतो. न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुकच्या जंगलात 1975 साली हिशेब मांडला गेला, तेव्हा तिथल्या सगळ्या सॅलमँडरांचं एकूण वजन ऐन विणीच्या हंगामातल्या पक्ष्यांच्या दुपटीच्या आसपास भरलं. आणि आपण जंगलात गेलो की मान वर करून चालतो!

ओळखण्याच्या बाबतीत या प्राण्याने भल्याभल्यांना चकवलं आहे. जेकब ग्रीन यांनी 1818 साली पाठीवर तांबडा पट्टा असलेल्याला एक नाव दिलं आणि बिनपट्ट्याच्या करड्याला दुसरं. पुढे कळलं की दोन्ही एकच जात. पुढे उलटंही झालं. ज्याला सगळे एकच चिकट सॅलमँडर समजत होते (हात लावला की डिंकासारखा स्राव चिकटतो, म्हणून हे नाव), त्याची प्रथिनं तपासून रिचर्ड हायटन यांनी 1989 साली सांगितलं की या सोळा जाती आहेत. डोळ्यांना त्यांतल्या कित्येक सारख्याच. मग हातात धरून ओळखायचं कसं? बऱ्याचदा तो कुठल्या डोंगरावर सापडला यावरूनच! मद्यार्कात ठेवला की लाल रंगही उडून जातो, त्यामुळे जिवंतपणीचा रंग लगेच वहीत उतरवून ठेवायचा. हा नियम मला फार आवडला.

आता कार्सन. मूळचे इलिनॉयचे, दक्षिण कोरियात डेजॉनच्या एका शाळेत विज्ञान शिकवत. 2003 साली विद्यार्थ्यांना घेऊन जवळच्या जंगलात गेले आणि दगड उलटे करत असताना एक चिमुकला सॅलमँडर सापडला. कोरियात सॅलमँडर असणं नवलाचं नव्हतंच. फुप्फुसं नसलेलाही एक तिथे आधीपासून आहे, पण तो वेगळ्या कुळाचा. म्हणजे नुसतं "फुप्फुस नाही" एवढ्यावर भागत नाही. खरी खूण नाकपुडीपासून ओठापर्यंत जाणारी एक बारीक खाच. ती फक्त अमेरिकन वनवासी सॅलमँडरांच्या कुळात असते. या कुळातल्या जवळजवळ सगळ्या जाती अमेरिकेच्या दोन खंडांत, मोजक्या काही इटली-फ्रान्सच्या बाजूला, आणि आशियात एकही नाही, असं तोवरची पुस्तकं सांगत होती. आणि इथे ती खाच!

नमुने रोनाल्ड ब्रँडन आणि बर्कलीचे डेव्हिड वेक यांच्यापर्यंत पोहोचले. हाडं पाहिली, जनुकं पाहिली. 2005 साली कोरियन आणि अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिळून 'नेचर'मध्ये तो जाहीर केला. नाव कार्सेनिया कोरियाना. अख्ख्या प्रजातीला मास्तरांचं नाव! आयुष्यभर सॅलमँडरच अभ्यासलेले वेक म्हणाले होते की आपल्या हयातीतला या क्षेत्रातला हा सर्वांत थक्क करणारा शोध. पुढे हा प्राणी कोरियात इतरही बऱ्याच ठिकाणी मिळाला. तो तिथे होताच. दगड कोणी उचलला नव्हता.

असो. वाचताना पहिली धास्ती मात्र पुन्हा आठवली, कारण याच कुळात आणखी एक नाव आहे. सिनसिनाटीचा वर्थ हॅमिल्टन वेलर हा शाळकरी मुलगा. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रँडफादर माउंटनवर त्याला एक अनोळखी सॅलमँडर मिळाला. 1931 साली, वय जेमतेम अठरा, शाळा नुकतीच संपलेली, तो पुन्हा त्याच डोंगरावर नमुने गोळा करायला गेला आणि कड्यावरून पडून गेला. त्याच वर्षी चार्ल्स वॉकर यांनी त्या सॅलमँडरला वेलरचं नाव दिलं. काळी पाठ, त्यावर पितळी-सोनेरी शिंतोडे. उंचावरच्या स्प्रूसच्या रानात ओंडक्याखाली तो अजून सापडतो.