मेजर ऑर्पेनच्या मागोमाग

१९१७ चा उन्हाळा, पहिलं महायुद्ध चालू आहे. तुम्ही उत्तर फ्रान्समध्ये, सोमच्या रणभूमीवर उभे आहात. चिखलाच्या गोष्टी ऐकून आला होतात ना? तो गेल्या हिवाळ्यातला चिखल आता वाळून पांढराफटक पडलाय. त्यावर लाल पॉपी आणि डोक्यावर निळंशार आभाळ. पाऊल जपून टाका, रानफुलांमध्ये हाडं आहेत.

समोर खाकी गणवेशात एक बुटका माणूस चित्र काढतोय. मेजर विल्यम ऑर्पेन. डब्लिनजवळच्या स्टिलऑर्गनचा, १८७८ चा जन्म, वकिलाचा मुलगा. बारा-तेरा वर्षांचा असतानाच डब्लिनच्या कलाशाळेत दाखल झाला, पुढे लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकला. श्रीमंतांची व्यक्तिचित्रं रंगवून बक्कळ कमावलं. त्याचा विद्यार्थी शॉन कीटिंग आयर्लंडला परत चला म्हणून विनवत राहिला. हा गेला नाही. आला तो इथे, सरकारी युद्धचित्रकार होऊन. आत्ता त्याच्याशी बोलू नका. परवापर्यंत रेशमाची झळाळी रंगवणारा हात कवट्या रंगवतोय.

चला, २८ जून १९१९. व्हर्सायचा आरसेमहाल. जर्मन प्रतिनिधी महायुद्धानंतरच्या तहावर सही करताहेत. फ्रान्सचे क्लेमांसो, अमेरिकेचे विल्सन, ब्रिटनचे लॉइड जॉर्ज बसलेत. घोळक्यात नीट पाहिलंत तर बिकानेरचे महाराजा गंगासिंगही सापडतील. या प्रसंगाच्या चित्रात ऑर्पेनने हे सगळे बडे लोक तळाशी दाटीवाटीने बसवले आणि उरलेला कॅनव्हास आरशांना नि सोनेरी नक्षीला देऊन टाकला. शिष्टाचार सांभाळून केलेला अपमानच म्हणायचा!

पुढच्या एका चित्रात त्याने शिष्टाचारही सोडला. काम होतं राजकारणी आणि सेनापतींच्या समूहचित्राचं. त्याने तीसहून अधिक माणसं महिनोन्‌महिने खपून रंगवली आणि मग सगळी पुसून टाकली. त्याऐवजी काय आलं, ते १९२३ मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमीत गर्दीतून वाट काढत बघा. संगमरवरी दालनात युनियन जॅकने झाकलेली एक शवपेटी. दोन्ही बाजूंना बंदुका घेतलेले, चिंध्या पांघरलेले, भान हरपलेले दोन सैनिक. वर माळा धरलेली दोन देवबाळं. लोकांनी हे चित्र त्या वर्षीचं सर्वोत्तम म्हणून निवडलं. इम्पिरियल वॉर म्युझियमने मात्र नाकारलं. मागवलं होतं ते हे नव्हे.

१९२८ मध्ये महायुद्धातला ब्रिटिश सेनापती हेग वारला. चित्र त्याचं स्मारक म्हणून घ्या, असा प्रस्ताव ऑर्पेननेच मांडला, आणि त्यासाठी सैनिक, देवबाळं, माळा स्वतःच्या हाताने रंगाखाली गाडल्या. म्युझियमने लगेच होकार दिला. उमरावांची मर्जी सांभाळून मोठा झालेला माणूस अखेर त्याच वळणावर गेला, असं मला वाटतं.

१९३१ मध्ये, बावन्नाव्या वर्षी तो वारला. चित्र आजही म्युझियमच्या संग्रहात आहे. शवपेटी आहे, पहारेकरी नाहीत. पाहायला जाणार असाल तर आधी १९२३ च्या रूपाचा कृष्णधवल फोटो शोधा. ऑर्पेनचं खरं चित्र ते.