सर्कस : प्राण्यांच्या खेळांचे साहित्य

हत्तीचे स्टूल, वाघ-सिंहांचे चौरंग, आगीचे कडे, पिंजऱ्याचे सुटे फलक, रिंगणात येण्याचा जाळीचा बोगदा, झुली, लगाम आणि चाबूक या वस्तू प्राण्यांच्या खेळांच्या साहित्यात मोडतात. प्रेक्षकाला ही तंबूतली सजावट वाटते. लाल-पिवळ्या पट्ट्यांनी आणि चांदण्यांनी तसे भासवण्याची सोयही केलेली असते. प्रत्यक्षात या वस्तूंचे आकार शोभेने ठरवलेले नाहीत. एका बाजूने प्राण्याच्या शरीराने आणि दुसऱ्या बाजूने प्रवासाने ते घडवले. त्यामुळे या वस्तू जपायच्या तर त्यांवरच्या झिजेसह आणि डागडुजीसह जपायला हव्यात. नव्याने रंगवून मांडलेल्या चौरंगाला संग्रहात फारसे मोल नाही.

सर्कशीच्या रिंगणाचा व्यास जगभर सुमारे 42 फूट असतो. लंडनमध्ये फिलिप ॲस्टलीने 1768 पासून घोडेस्वारीचे जे खेळ केले त्यांतून हे माप रूढ झाले. गोल धावणाऱ्या घोड्याच्या पाठीवर उभ्या स्वाराला तोल सांभाळता यावा, हा त्यामागचा हिशेब. माप एकच राहिल्यामुळे एका सर्कशीत तयार झालेला घोडा, आणि त्याच्याबरोबर रिंगणाचे कठडेही, दुसऱ्या सर्कशीत खपत. भारतीय सर्कशीचा आरंभच अशा हस्तांतराशी जोडला जातो. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये मुंबईत ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली, तेव्हा आदल्या वर्षी आलेल्या इटालियन कियारिनीच्या सर्कशीचे साहित्य त्यांनी विकत घेतले, असे परंपरेने सांगितले जाते. पुण्याचे दामू धोत्रे 1940 मध्ये अमेरिकेतल्या रिंगलिंग सर्कशीत गेले. तिथे एका तंबूत तीन रिंगणे होती, तरी वाघ-बिबळ्यांना आपापल्या चौरंगावर बसवून ठेवायचे हे काम त्यांच्या परिचयाचेच होते.

या साहित्याच्या प्रवासाचे गणित रायपूरवरून चांगले उमगते. हे सर्कशीचे माहेर नव्हे; ते मान सांगली-तासगाव परिसराला आणि केरळातल्या तलश्शेरीला. रायपूर हा वाटेवरचा मुक्काम, आणि मुक्कामाच्या गावीच साहित्याची खरी परीक्षा होते. नागपूर–राजनांदगाव हा मीटरगेज रेल्वेमार्ग 1880 च्या दशकात बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला, रुंद झाला आणि रायपूरवरून पुढे वाढला. 1900 मध्ये रायपूरहून धमतरीला अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. तिचा एक फाटा राजिमच्या जत्रेच्या गावी जाई. रूळ बदलले की माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. अशा देशात एकसंध पिंजरा हा दिवाळखोरीचा मार्ग. म्हणून रिंगणाभोवतीचा पिंजरा माणसांना उचलता येतील अशा फलकांचा असे, फलक खिळी-आकड्यांनी जोडले जात, आणि चौरंग शक्यतो एकात एक बसतील असे उतरत्या आकाराचे केले जात.

मुक्कामी पोचल्यावर देखभालीचे काम सुरू होई. छत्तीसगडच्या मैदानातली ‘कन्हार’ म्हणजे काळी, चिकण जमीन उन्हात भेगाळते आणि पावसात खुंट सैल करते. रायपूरचा मे महिना 45 अंशांच्या आसपास जातो. त्या झळांत चाबकाचे आणि लगामाचे चामडे तेल दिल्याशिवाय तडकते, तर पावसाळ्यात त्याच चामड्यावर बुरशी धरते. हत्तीच्या स्टुलाचे काम सर्वांत जोखमीचे. तीन-चार टनांचे जनावर चारही पाय एकत्र आणून त्यावर उभे राहते. कडेची लोखंडी पट्टी एक सुताने उचकटली तरी तळव्याला जखम होते, आणि माथा गुळगुळीत झाला तर पाय घसरतो. त्यामुळे माथ्याच्या फळ्या आणि त्यावरचे खरखरीत आवरण वारंवार बदलावे लागे. खालचा सांगाडा मात्र वर्षानुवर्षे तोच राही.

यावर पहिला आक्षेप असा की, इतके भाग बदललेली वस्तू ‘जुनी’ कशी म्हणावी? मूर्ती किंवा नाण्याची कसोटी इथे लावता येत नाही. अखंड राहिलेले स्टूल बहुधा न वापरलेले स्टूल असते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही छळाची हत्यारे आहेत, ती कौतुकाने का मांडावीत? केंद्र सरकारने 1991 च्या आणि नंतर 1998 च्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह यांच्या खेळांना मनाई केली. 1 मे 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मनाई योग्यच होती. पण म्हणूनच या वस्तू टिकायला हव्यात. वाहतुकीचा पिंजरा किती रुंद होता, त्यात वाघाला वळता येत होते का, याचे उत्तर जाहिरातीच्या रंगीत पत्रकात मिळत नाही. ते टेपने मोजता येते. जर्मनीच्या रोंकाली सर्कशीने प्राण्यांच्या जागी होलोग्रामचे हत्ती आणले. त्या खेळात कौशल्य असेल, पण जनावराच्या वजनाचा पुरावा त्यातून उरणार नाही.

तिसरी अडचण निव्वळ व्यवहाराची. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बाराबू इथे सर्कशीच्या गाड्यांचा मोठा संग्रह आहे. रायपुरात 1875 पासूनचे महंत घासीदास संग्रहालय आहे, पण शिल्पे आणि ताम्रपट यांच्या शेजारी गंजका पिंजरा ठेवायला कोणी धजणार नाही. शिवाय उरला-सिलतराच्या पट्ट्यात लोखंडाच्या भट्ट्या पेटत्या असल्यामुळे इथे निरुपयोगी लोखंडाला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. सगळे जपणे अशक्य असल्यास निदान नोंद करावी : उंची, माथ्याचा व्यास, वजन, वस्तू किती भागांत सुटते, कुठल्या कडेला झिजली आहे, जोड कुठे बसवला आहे. रंगाचे थर खरवडू नयेत. सर्कस विकली गेली की नव्या मालकाचे नाव जुन्या नावावरच रंगवले जाते.