पगारी खेळाडू : पाळवणकर बाळू यांच्याविषयी तळटीप

‘पगारी खेळाडू’ म्हणजे खेळण्याबद्दल रोख मोबदला घेणारा. छंद म्हणून खेळणाऱ्या हौशी खेळाडूहून तो वेगळा. अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे लांबट चेंडू हाती घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याच्या खेळात, असा मोबदला घेतल्याची पहिली ज्ञात नोंद 12 नोव्हेंबर 1892 ची असून, त्या दिवशी पिट्सबर्ग येथील सामन्यासाठी विल्यम हेफेलफिंगर यांना 500 डॉलर मिळाले. क्रिकेटमध्ये बाळूंना मिळणाऱ्या पगाराचे स्वरूप मात्र वेगळे होते : त्याच सुमारास पुण्यातील युरोपियनांच्या क्रिकेट क्लबात पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातील तरुण दरमहा चार रुपयांवर मैदानाची निगा राखत असे आणि सरावात गोऱ्या फलंदाजांना तासन्‌तास गोलंदाजी करत असे. त्याला फलंदाजीची संधी मात्र दिली जात नसे. त्याच घोटून घेतलेल्या डावखुऱ्या फिरकीवर बाळूंनी भारतीय संघाच्या 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात 114 बळी घेतले. धर्मनिहाय सामन्यांत खेळणाऱ्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, परंतु अस्पृश्य मानून चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा दिला जाई, आणि संघाचे कर्णधारपद रीतसर त्यांना कधीच दिले गेले नाही. हा अन्याय त्यांच्या बळींच्या आकड्याइतकाच नोंदवला गेला पाहिजे. ते कर्णधारपद 1923 मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. पुढे 1937 च्या मुंबई प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसचे उमेदवार म्हणून बाळू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. 1955 मध्ये त्यांचे निधन झाले.